स्पेनचा सिनेमा, ऑस्कर आणि घरातच मागे राहिलेली नावं

पिंपळपान

नमस्कार मंडळी,

हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं, आता निमित्त आयतंच मिळालंय. स्पेनने २०२५ साली ऑस्करसाठी ओलिव्हर लाशेचा 'सिरात' पाठवायचं ठरवलं आणि त्याच आठवड्यात आपल्याकडून नीरज घायवानचा 'होमबाउंड' जाणार हे जाहीर झालं. दोन्ही सिनेमे मे महिन्यात फ्रान्समधल्या कान महोत्सवाला होते. 'सिरात' मुख्य स्पर्धेत होता, तिथे त्याला ज्युरी प्राइझ मिळालं, एका जर्मन सिनेमाबरोबर विभागून.

मी गेली सात-आठ वर्षं स्पॅनिश शिकतेय, आधी क्लास लावून आणि नंतर सिनेमे बघबघून, त्यामुळे तिकडच्या बातम्यांकडे लक्ष असतं. ऑस्करच्या परदेशी सिनेमाच्या गटाचा नियम असा की एका देशाने एकच सिनेमा पाठवायचा. म्हणजे तिकडे लॉस एंजेलिसला काय व्हायचं ते पुढे होतं, त्याच्या आधी घरातल्या घरात एक स्पर्धा होऊन गेलेली असते आणि तिथे जे मागे राहतात त्यांना वर्षभरात कुणी विचारत नाही. स्पेनच्या बाबतीत ही घरातली स्पर्धाच मला जास्त बोलकी वाटते.

आधी थोडा हिशोब. स्पेनला परदेशी सिनेमाचं हे ऑस्कर आजवर चारदा मिळालंय. १९८३ च्या सोहळ्यात होसे लुईस गार्सीचा 'वोल्वेर आ एंपेसार', १९९४ ला फर्नांदो त्रुएबाचा 'बेल एपोक' (देवावर विश्वास ठेवायला आवडलं असतं पण माझा विश्वास फक्त बिली वाइल्डरवर आहे, म्हणून त्यांचे आभार, असं स्टेजवर म्हणाला तो हाच), २००० ला अल्मोदोवारचा 'तोदो सोब्रे मि माद्रे' आणि २००५ ला आमेनाबारचा 'मार आदेंत्रो'. त्यानंतर थेट २०२० पर्यंत साधं नामांकनसुद्धा नाही. पंधरा वर्षं! मग 'दोलोर इ ग्लोरिया', आणि २०२४ ला बायोनाचा अँडीजमधल्या विमान अपघातावरचा 'ला सोसिएदाद दे ला निएवे'.

आता माझ्या मनात अडकून बसलेली गोष्ट सांगते. २००२ साली अल्मोदोवारचा 'आब्ले कोन एया' आला होता, इंग्रजीत 'टॉक टू हर'. स्पेनच्या चित्रपट अकादमीने तो पाठवलाच नाही, फर्नांदो लेओन दे आरानोआचा 'लोस लुनेस आल सोल' पाठवला, त्याला नामांकन मिळालं नाही. आणि अल्मोदोवारला तिकडे थेट दिग्दर्शनाचं नामांकन आणि मूळ पटकथेचं ऑस्कर मिळालं, गोल्डन ग्लोब मिळालं ते वेगळंच! घरच्यांनी मागे ठेवलेला सिनेमा दुसऱ्या दाराने आत गेला. इथवर ही गोष्ट सगळीकडे अशीच सांगितली जाते, अकादमीचं कसं चुकलं म्हणून. मीही बरीच वर्षं तसंच धरून चालले होते. मग गेल्या वर्षी 'लोस लुनेस' बघितला आणि मला अकादमीचा राग येईना.

तुम्हाला काय वाटतं? देशाने सिनेमा कसा निवडावा, चांगला कुठला ते बघून की जिंकेल कुठला ते बघून?

---

गिरणगावकर

पिंपळपान ताई, धाग्याबद्दल मनापासून धन्यवाद. 'लोस लुनेस आल सोल' हा माझा अतिशय लाडका सिनेमा आहे आणि त्याचं नाव मराठीत कुणी काढलेलं मी आज पहिल्यांदा बघतोय.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी, नावाचा अर्थ सोमवारी उन्हात. जहाज बांधायचा कारखाना बंद पडलाय, पन्नाशीकडे झुकलेले कामगार दिवसभर एका मित्राच्या बारमध्ये बसून असतात, सोमवार काय नि रविवार काय. उत्तर स्पेनमधे ऐंशी-नव्वदच्या काळात असे कारखाने खरंच बंद पडले होते. हाविएर बार्देमचा सांता नावाचा माणूस आहे, आंदोलनात रस्त्यावरचा दिवा फोडल्याची त्याच्यावर केस चालूय. एका रात्री तो एका लहान मुलाला झोपवताना मुंगी आणि नाकतोड्याची गोष्ट वाचून दाखवायला लागतो आणि वाचता वाचता भडकतो, की ही मुंगी असली कसली, आणि नाकतोडा नाकतोडा म्हणून का जन्मला ते इथे कुणी लिहिलेलंच नाही!

आमचे बाबा गिरणीत होते. ८२ च्या संपानंतर ते सकाळी वेळेवर उठायचे, दाढी करायचे, शर्ट घालायचे आणि चाळीच्या कठड्याला टेकून उभे राहायचे. मी तेव्हा सहावीत. तो सिनेमा बघताना मला सबटायटल वाचायची गरज नव्हती पडत खरं सांगतो.

म्हणून माझं मत असं की स्पेनच्या लोकांनी त्या वर्षी आपल्या घरातलं दुखणं पाठवलं आणि ते बरोबर केलं. नामांकन मिळालं नाही तर नाही मिळालं.

---

खडूफळा

लेख वाचला. पण मला मूळ प्रश्नच कळत नाही. अमेरिकेतल्या लोकांनी दिलेल्या एका बाहुलीसाठी बाकीच्या जगाने एवढं झुरायचं कशाला? स्पेनकडे स्वतःचे गोया पुरस्कार आहेत १९८७ पासून, सान सेबास्तियानचा महोत्सव आहे १९५३ पासूनचा. तेवढं पुरे नाही का?

---

पिंपळपान

गिरणगावकर दादा, तुमच्या प्रतिसादानंतर मी थोडा वेळ काही लिहूच शकले नाही. कठड्याला टेकून उभे असलेले बाबा डोळ्यांसमोरून जात नाहीत. धन्यवाद हे लिहिल्याबद्दल.

खडूफळा, प्रश्न रास्त आहे. उत्तरादाखल ऑस्कर बाजूला ठेवून कानची एक गोष्ट सांगते. १९६१. फ्रँकोची हुकूमशाही. लुईस बुन्युएल बरीच वर्षं देशाबाहेर, मेक्सिकोत, तिथून त्याला परत बोलावून स्पेनमधे सिनेमा करायला परवानगी मिळाली, 'विरिदियाना'. सेन्सॉरने शेवट बदलायला लावला, तर बुन्युएलने पत्त्यांच्या डावाचा असा शेवट लिहिला की तो आधीपेक्षा जास्त धीट झाला आणि सेन्सॉरने तो मान्यही केला! महोत्सवाच्या अगदी शेवटी दाखवला आणि पाम दोर, म्हणजे कानचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, विभागून. स्पेन सरकारचा सिनेमा खात्याचा महासंचालक स्वतः स्टेजवर जाऊन पुरस्कार घेऊन आला. मग व्हॅटिकनच्या वर्तमानपत्राने सिनेमावर झोड उठवली आणि झालं, त्या अधिकाऱ्याची नोकरी गेली, सिनेमावर बंदी आली, त्याचं स्पॅनिश असणंसुद्धा कागदोपत्री पुसून टाकलं. स्पेनच्या लोकांना तो थेटरात बघायला १९७७ उजाडलं, फ्रँको गेल्यानंतर.

आज स्पेन म्हणतं आमच्याकडे एकच पाम दोर आहे, आणि तो हा, ज्याला त्यांनी सोळा वर्षं आपलं म्हटलं नव्हतं. बाहेरच्या पुरस्काराचा हा उपयोग मला मोलाचा वाटतो. घरात ज्याला दाबून टाकलंय त्याची बाहेर कुठेतरी नोंद राहते. सरकारला कागद पुसता आला, कानची यादी पुसता आली नाही.

---

मडगावकरीण

पिंपळपान +१. विरिदियानाचं हे सगळं माहीत नव्हतं.

आमच्या गोव्यातली एक आठवण. २०२२ च्या इफ्फीत, म्हणजे इथल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, स्पेनचे दिग्दर्शक कार्लोस सौरांना सत्यजित राय जीवनगौरव जाहीर झाला होता. ते येऊ शकले नाहीत, वय नव्वदीचं, त्यांची मुलगी आना आली होती पुरस्कार घ्यायला. मी त्यांचे सिनेमे तिथेच पहिल्यांदा बघितले, सकाळी रांगेत उभी राहून, आणि नंतर फेब्रुवारीत ते गेल्याची बातमी आली तेव्हा ओळखीचं कुणी गेल्यासारखं वाटलं. त्यांचा 'कार्मेन' ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला होता १९८४ ला. फ्लामेंकोच्या तालमीच्या हॉलमधे खरं कुठलं आणि नाचातलं कुठलं ते कळेनासं होतं, बघाच.

अवांतर: त्याच वर्षी इफ्फीचा सर्वोच्च सुवर्णमयूर मिळाला तो पण स्पॅनिश भाषेतल्याच सिनेमाला, पण तो कोस्टारिकाचा. माझा तिथे फार गोंधळ व्हायचा, स्पॅनिश म्हणजे स्पेनचा की नुसती भाषा स्पॅनिश.

---

बार्सिलोनाहून

मडगावकरीण, तो गोंधळ तुमचा एकटीचा नाही, इथे राहूनही होतो. आणि उलट्या बाजूनेही होतो, म्हणजे सिनेमा स्पेनचा पण भाषा 'स्पॅनिश' नाही.

मी नोकरीनिमित्त इथे दहा वर्षं आहे. माझ्या शेजारच्या आजी कातालान, म्हणजे इकडच्या भागातली भाषा बोलतात, फ्रँकोच्या काळात शाळेत ही भाषा बोलायची सोय नव्हती हे त्या अजून सांगतात. त्यामुळे २०११ साली स्पेनने पहिल्यांदाच कातालान सिनेमा ऑस्करला पाठवला, आगुस्ती विल्यारोंगाचा 'पा नेग्रे', त्याचं इथल्या लोकांना किती अप्रूप असेल ते मराठी माणसाला सांगायला नको. पुढे कार्ला सिमोनचा 'एस्तिउ १९९३' गेला, तोही कातालान.

मग २०२२. कार्ला सिमोनच्याच 'आल्कारास'ला बर्लिनच्या महोत्सवात गोल्डन बेअर, तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला (त्या वर्षी ज्युरीचे अध्यक्ष एम. नाइट श्यामलन होते). पीचच्या बागा कसणारं एक कुटुंब, जमीनमालकाला झाडं काढून सोलर पॅनल लावायचेत, हा त्यांचा शेवटचा तोडणीचा हंगाम. कलाकार जवळजवळ सगळे त्या भागातले साधे लोक, आधी कधी कॅमेऱ्यासमोर न आलेले, बोली तिकडचीच. दिग्दर्शिकेच्या स्वतःच्या घरच्यांच्या तिथे पीचच्या बागा आहेत. स्पेनने तोच पाठवला. ऑस्करच्या नामांकनात आला नाही, ते समजू शकतो. पण गोयामधे अकरा नामांकनं आणि मिळाले किती, तर एकही नाही! सगळं 'आस बेस्तास' घेऊन गेला, नऊ गोया, आणि फ्रान्सचं सेझारसुद्धा. 'आस बेस्तास' जबरदस्तच आहे, त्यात वाद नाही. पण त्या रात्री आमच्या आजींनी टीव्ही बंद केला आणि काही बोलल्या नाहीत. ज्या अकादमीने तो देशाचा म्हणून बाहेर पाठवला तिनेच घरी एक पण दिला नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

---

ओवी

बार्सिलोनाहून, किती छान लिहिलंय. यावर मला एक जोड सापडली ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

२०१५ साली भारताने चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' पाठवला होता, आठवतंय ना. मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी सगळ्या भाषा मुंबईत जशा येतात तशा त्यात येतात. त्याच वर्षी स्पेनने पाठवला 'लोरेआक', म्हणजे फुलं, उत्तर स्पेनमधल्या बास्क भाषेतला त्यांचा ऑस्करला गेलेला पहिला सिनेमा. एका बाईला दर आठवड्याला निनावी फुलं येत असतात, मग एक माणूस अपघातात जातो आणि फुलं यायची थांबतात. एवढंच. दोन्ही सिनेमे बारीक आवाजात बोलणारे, दोन्ही एकाच रांगेत, आणि दोन्ही बाहेर राहिले.

आणि त्याच्याही आधी, २००५ च्या सोहळ्यासाठी! आपला 'श्वास' ज्या वर्षी गेला होता त्याच वर्षी 'मार आदेंत्रो' जिंकला. तेव्हा लोकांनी वर्गणी काढून पैसे जमवले होते 'श्वास'साठी, आमच्या शाळेतही डबा फिरला होता. 'श्यामची आई'नंतर पहिल्यांदाच मराठीला सुवर्णकमळ मिळालं होतं, वातावरण काय होतं! तो नामांकनापर्यंत पोचला नाही म्हटल्यावर आई म्हणाली, ज्याला मिळालं तो बघू या तरी कसा आहे. खूप उशिरा बघायला मिळाला आम्हाला. रामोन साम्पेद्रो नावाचा गालिसियातला खरा माणूस, तरुणपणी समुद्रात उडी मारताना मान मोडली, जवळपास तीस वर्षं अंथरुणाला, आणि मरायचा हक्क मागत कोर्टात लढतोय. इकडे 'श्वास'मधे आजोबा आणि नातू, जीव वाचवायचा तर डोळे जाणार, आणि हे त्या पोराला सांगायचं कसं. दोन्हीकडे शरीराबद्दल निर्णय कुणी घ्यायचा हाच प्रश्न आहे. आई बघून झाल्यावर म्हणाली, दोघं एका घरातले वाटतात गं.

स्पेनमधे इच्छामरणाचा कायदा २०२१ ला आला. सिनेमामुळेच आला असं मी म्हणत नाही, पण साम्पेद्रोचं नाव लोकांच्या तोंडी राहिलं त्यात या सिनेमाचा वाटा असणारच.

---

खडूफळा

ओवी, हा प्रतिसाद वाचून माझं मत थोडं हललं हे कबूल करतो. 'श्वास'ची वर्गणी मीही दिली होती.

तरी पद्धतीबद्दल बोलू या. आपल्याकडे फिल्म फेडरेशनची ज्युरी बसते, बंद खोलीत दहा-पंधरा जण ठरवतात. २०१३ ला 'लंचबॉक्स' ठेवून 'द गुड रोड' पाठवला, २०२४ ला पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट' ठेवून 'लापता लेडीज'. स्पेनमधे कसं असतं?

---

पिंपळपान

तिथे अकादमीचे सगळे सदस्य मत देतात, म्हणजे दिग्दर्शक, नट, कॅमेरावाले, संकलक, वेशभूषावाले. आधी तीन सिनेमे निवडायचे, मग त्यातून एक. २०२५ चे तीन होते 'सिरात', कार्ला सिमोनचाच 'रोमेरिया' आणि एवा लिबेर्तादचा 'सोर्दा', ऐकू न येणाऱ्या बाईच्या आईपणावरचा. तिन्ही नावं लोकांना आधी कळतात, महिनाभर चर्चा होते, बाजू घेतल्या जातात. मला ही पद्धत कितीतरी निकोप वाटते. निदान हरलेले दोन कोण होते ते तरी छापून येतं.

पण म्हणून चुका टळतात असं नाही. २०२१ ला पुन्हा तेच झालं. अल्मोदोवारचा 'माद्रेस पारालेलास' होता, यादवी युद्धात मारून पुरलेल्या माणसांची हाडं शोधणारा, त्यावर मात केली 'एल बुएन पात्रोन'ने. दिग्दर्शक कोण, तर तोच 'लोस लुनेस'वाला, आणि नट तोच बार्देम, या वेळी कामगार नाही तर कारखान्याचा मालक! ऑस्करच्या पंधरा सिनेमांच्या निवडयादीपर्यंत गेला आणि थांबला. पेनेलोपी क्रूझला मात्र 'माद्रेस'साठी अभिनयाचं नामांकन मिळालं. गिरणगावकर दादा, हा तुम्ही बघितला नसेल तर 'लोस लुनेस'च्या लगेच नंतर बघा, वीस वर्षांनी तोच माणूस टेबलाच्या पलीकडे बसलेला दिसतो.

आणि पायल कपाडियाचं म्हणाल तर ते मला अजून लागतं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधे शिकलेली मुलगी, कानला ग्रां प्री, सिनेमा मुंबईत सुरू होऊन रत्नागिरीच्या किनाऱ्यावर संपतो, त्यातल्या पार्वतीला घर सोडून गावी जावं लागतं. आणि ज्युरीला तो युरोपियन सिनेमासारखा वाटला असं छापून आलं होतं. पैसा फ्रान्सचाही होता, पण फ्रान्सनेही पाठवला नाही, त्यांनी 'एमिलिया पेरेस' पाठवला, दिग्दर्शक फ्रेंच, गोष्ट मेक्सिकोतली, भाषा स्पॅनिश, नायिका माद्रिदजवळची. म्हणजे पायलचा सिनेमा दोन देशांच्या दारात उभा राहिला आणि दोघांनीही आत घेतला नाही.

---

मडगावकरीण

'पॅन्स लॅबिरिंथ'चं पण असंच ना? गोष्ट १९४४ च्या स्पेनमधली, फ्रँकोचे सैनिक, पैशात स्पेनचाही वाटा, पण दिग्दर्शक मेक्सिकोचा म्हणून मेक्सिकोने पाठवला. तीन ऑस्कर मिळाले, पण परदेशी सिनेमाचं हुकलं. आणि २०१० ला अर्जेंटिनाला मिळालं त्या 'एल सेक्रेतो दे सुस ओहोस'मधेही स्पेनचा पैसा आहे.

---

बार्सिलोनाहून

बरोबर. आणि अल्मोदोवारला व्हेनिसच्या महोत्सवात २०२४ ला गोल्डन लायन हा तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, स्पेनच्या सिनेमाला पहिल्यांदाच, पण सिनेमा इंग्रजीत! त्यामुळे या ऑस्करच्या गटात तो चालणारच नव्हता. इतक्या वर्षांत व्हेनिसला जे जमलं नव्हतं ते जमलं आणि भाषा नेमकी वेगळी निघाली. वर्तमानपत्रांनी तरी पहिल्या पानावर घेतलं, आणि घ्यायलाच हवं होतं.

'सिरात'बद्दल थोडं, कारण मी जूनमधे थेटरात बघितलाय. काय होतं ते मुळीच सांगणार नाही, तुम्हीही कुठे वाचू नका. मोरोक्कोच्या वाळवंटात एक बाप आपल्या हरवलेल्या मुलीला शोधतोय, बरोबर धाकटा मुलगा, आणि नाचगाण्याच्या मागे भटकणाऱ्या काही लोकांच्या ट्रकांमागून हे आपली गाडी घेऊन निघतात. बाप झालाय सर्जी लोपेस. सिनेमाचा आवाज छातीत घुमतो, स्पीकरच्या भिंतीसमोर उभं राहिल्यासारखा. मोबाइलवर बघायचा सिनेमा नाही हा. निर्मात्यांमधे अल्मोदोवार बंधूंची कंपनी आहे हे मला फार आवडलं. पुन्हा पुन्हा ज्याला मागे ठेवलं त्याच्याच घरातून दुसऱ्या पिढीचा सिनेमा देशातर्फे गेला.

काळजी एकच वाटत होती. अमेरिकेत तो निऑन या वितरक कंपनीकडे होता, आणि २०२५ ला त्यांच्याकडेच नॉर्वेचा, ब्राझीलचा, कोरियाचा आणि जाफर पनाहींचा असे सगळे तगडे सिनेमे होते. एकाच घरातली पाच मुलं एकाच परीक्षेला बसली होती, फी भरणारा एकच. बायोनाच्या वेळी नेटफ्लिक्सने जोर लावला होता, तरी 'झोन ऑफ इंटरेस्ट'पुढे चाललं नाही.

---

गिरणगावकर

सगळ्यांचे प्रतिसाद मुलीला वाचून दाखवले. तिने 'एल बुएन पात्रोन' शोधून ठेवलाय रविवारसाठी. पिंपळपान ताई, 'लोरेआक' कुठे बघायला मिळेल, आणि स्पॅनिश सिनेमा पहिल्यांदाच बघणाऱ्याने सुरुवात कुठून करावी? आमच्या चाळीतल्या तिघाचौघांना घेऊन बसायचा विचार आहे, सगळे साठीच्या पुढचे, सबटायटल भरभर वाचता येत नाहीत.

---

पिंपळपान

दादा, 'लोरेआक' मी पुण्यात एका ओळखीच्यांकडच्या डीव्हीडीवर बघितला होता, विचारून कळवते, मिळाली तर पोस्टाने पाठवीन.

सबटायटलचा त्रास असेल तर पाब्लो बेर्खेरचा 'रोबोट ड्रीम्स' लावा, कुत्रा आणि रोबोटची गोष्ट, अॅनिमेशन आहे आणि एकही संवाद नाही, २०२४ ला ऑस्करच्या नामांकनात होता. त्याच्यानंतर त्याच दिग्दर्शकाचा 'ब्लांकानिएवेस', तोही मूकपट, २०१२ ला स्पेनने तोच पाठवला होता. तिसरा 'आल्कारास'. त्यात बोलणं आहे, पण आजोबा बागेतून फिरतात तेव्हा वाचावं लागत नाही. 'लोस लुनेस' मात्र तुम्ही शेजारी बसून मधे मधे सांगत जा. तुमच्याइतकं ते कुणाला सांगता येणार नाही.

---

गिरणगावकर

ठरलं. बाबांच्या बरोबरचे एक काका अजून आहेत खालच्या मजल्यावर, त्यांना पहिल्या खुर्चीवर बसवतो. बघून झाल्यावर ते काय म्हणतात ते इथे लिहितो.